तीन दुमडींचा फ्रॉक

डबा उघडायच्या आधी ती त्यावर बोटाचं पेर दोनदा वाजवायची, कान द्यायची आणि सांगायची, "बुधवारपर्यंत पुरंल." पुरायचं.

कोपरगावच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांत तिची खोली आमच्या खोलीला लागून होती. नव्वद सालानंतरची दोनचार वर्षं. नवरा कारखान्यात पाळीवर, ती गावातल्या एका दवाखान्यात आया. थोरली सहावीत, मधला चौथीत, धाकटी बालवाडीत. मी तेव्हा चळवळीत नवा होतो. पत्रकं लिहायचो, वाटायचो आणि जो दिसेल त्याच्यावर चिडायचो.

बाईला चुलीशी बांधणाऱ्या घराचा धिक्कार करणारं पत्रक मी तिला नेऊन दिलं. तिनं सगळं वाचलं.

"भाऊजी, तुमचं ताट कोन घासतं?"

"आई."

"मग हे त्यांना द्या." मग पत्रक उलटं करून म्हणाली, "मागून कागद कोरा हाय. अजून धा मिळतील का?"

दिले. दुसऱ्या दिवशी माझा धिक्कार भिंतीकडे तोंड करून चिकटला होता. पाठकोऱ्या बाजूवर निळ्या पेन्सिलीनं कुकर काढला होता आणि पुढे चार रेघा, म्हणजे चार शिट्ट्या. तांदळाच्या डब्याशेजारी दोन फुलपात्रं काढलेली, म्हणजे दोन मापं. धाकटीला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळी चित्रं.

तिचे डबे पोरांच्या उंचीनं लावलेले. मीठ आणि शेंगदाणे धाकटीच्या हाताला, डाळतांदूळ मधल्याच्या नाकासमोर, पीठ थोरलीच्या खांद्याशी. सर्वांत वरची फळी रिकामी.

"वर काहीच ठेवत नाही?" मी विचारलं.

"तिथं माझाच हात पोचतो. मी नसले तर?"

हे तिचं पालुपदच होतं. उद्याचे कपडे, वही, रुमाल, सगळं ज्याच्या त्याच्या उशीच्या अभ्र्यात, मी नसले तर सापडावं म्हणून. साबणाची झिजलेली चकती नव्या वडीला चिकटवायची, तेही पोरांना शिकवलेलं. धाकटीच्या निळ्या फ्रॉकच्या घेराला आतून तीन दुमडी होत्या. पोर वाढेल तशी एकेक सोडायची.

मला संताप यायचा. बाईनं आपल्या मागची व्यवस्थासुद्धा आपणच लावून ठेवायची का? तोंडावर बोललो, "वहिनी, या घरानं तुमची मोलकरीण केलीय."

"बोला की. बोलता बोलता ह्या गवारीच्या शेंगा मोडा."

मी मोडल्या. देठही टोपलीत टाकले, म्हणून पुन्हा निवडाव्या लागल्या.

दिवाळीनंतर एकदा तिनंच सांगितलं. तिला नर्सिंगचा कोर्स करायचा होता. दीड वर्ष नगरला वसतिगृहात राहायचं. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. नवरा म्हणाला होता, "आठ दिवस माहेरी पारनेरला जाऊन ये. घर चाललं तर अर्ज भर."

"हा कोण परीक्षा घेणारा?" मी उसळलो.

"घिऊ द्या. मी दोन वर्षं अभ्यास केलाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ती रिकामी फळी शिरली.

ती सोमवारी गेली. संध्याकाळी आईनं केलेलं पिठलं आणि भाकरी घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो. आत करपलेल्या भाताचा वास येत होता. थोरलीनं दार अर्धंच उघडलं.

"काका, न्हाई घ्यायचं."

"अगं, भात लागलाय ना तुमचा?"

"लागू द्या. कुनाचं घेतलं तर घर चाललं असं व्हनार न्हाई. मग आईला जाता येनार न्हाई."

पिठलं घेऊन मी परत आलो. इतकं खरं भाषण मी आजवर एकाही सभेत केलेलं नाही.

ती पुढच्या सोमवारी परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी फळीशी गेली. मीठ, डाळ, तांदूळ. वाजवत गेली, मान हलवत गेली. पिठाच्या डब्यापाशी थांबली. पुन्हा वाजवला. मग चक्क झाकण काढून पाहिलं.

"पीठ जास्त कसं उरलं? पोरं उपाशी झोपली का?"

नवरा पहिल्या पाळीवरून नुकताच आला होता, पाय धूत होता. तिकडूनच म्हणाला, "मी कॅन्टीनला खाल्लं तीन दिवस. कमी पडलं असतं तर?"

मी या माणसावर एक पत्रक मनातल्या मनात लिहून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

तिनं डब्यातलं पीठ हातानं सारखं केलं. मग झाकण लावत म्हणाली, "माझं माप चुकत न्हाई. उगं उपास काढले."

"उपास कुठं? मिसळ हुती," तो म्हणाला.

तिनं अर्ज भरला. नाव लागलं. एस.टी.त बसताना तिनं मला एकच काम सांगितलं, पाठकोरे कागद देत राहायचं.

वर्षभरानं असाच कागदांचा गठ्ठा घेऊन मी गेलो. धाकटी उंबऱ्यात बसली होती, तोच फ्रॉक घालून. तो आता गुडघ्याखाली आला होता. दुसरी दुमड सोडलेल्या जागी चार बोटं रुंद पट्टा, जुन्या विटक्या निळ्याखाली नवा कोरा गडद निळा. त्याखाली पांढऱ्या दोऱ्याचे टाके, लांबलांब, वर-खाली गेलेले.

"कुणी सोडली गं दुमड?"

"पप्पांनी," ती म्हणाली, आणि घेर उलटा करून दाखवला. "अजून एक हाय."