बाबांच्या कानांसाठी स्पीकर

स्पीकर बाबांच्या कानांसाठी घ्यायचे आहेत, असं मी आईला सांगितलं. ते खोटं होतं. मला ते माझ्यासाठी हवे होते. भिलाईत मरोदा सेक्टरला माझा एक मित्र टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कमरेइतके उंच लाकडी डबे ठेवून व्हीसीआरवर सिनेमा लावायचा. पडद्यावर घोडे धावले की आपल्या छातीवरून गेल्यासारखे वाटत. आज याला होम थिएटर म्हणतात. भिलाई मध्यप्रदेशात होती तेव्हा माझी आई याला कलकलाट म्हणायची.

पण बाबांचे कान हे कारण भक्कम होतं. स्टील प्लांटातून रिटायर झाल्यापासून त्यांना कमी ऐकू येत होतं. "अहो, दळण आणा," "अहो, नळ गळून राहिला," यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नसे. रविवारी, म्हणजे नेमके दळणाच्या दिवशी, ते व्हरांड्यात पेपर धरून बसत, आई ओरडून थके आणि दळणाची पिशवी माझ्या हातात येई.

"बाबा टीव्ही नुसता पाहतात, आई. ऐकू कुठं येते त्यांना?" मी म्हणालो.

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. मला स्वतःची फार लाज वाटली. पण "आन मंग," असं ती म्हणाली आणि लाज ओसरली.

निवड करायला बाबांनाच घेऊन पावर हाउसच्या बाजारात गेलो. दुकानदारानं तबल्याची कॅसेट मोठ्या डब्यांवर लावली. काउंटरची काच थरथरली.

"कैसा है, बाबूजी?"

बाबांनी कानामागे हात धरला. "चालू तो करो, भाई!"

दुकानदारानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि मधले स्पीकर लावले. बाबांचं तेच. शेवटी त्यानं अगदी लहान जोडी लावली, आवाज निम्म्यावर. बाबांनी नकारार्थी मान हलवली, पण खाली चपलेतला त्यांचा अंगठा ठेका धरून होता. समेवर तो बरोबर आपटला. मी अंगठ्याकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे पाहिलं, अंगठा थांबला.

बाहेर स्कूटरजवळ ते हळूच म्हणाले, "पाह्यलं काय तू?"

"हव. पण असं कावून करून राहिले तुम्ही?"

"जिंदगीभर शिफ्टा केल्या ना बे! आता रविवार तरी माया राहू दे. हे डबे घरी आले तर तुई आई म्हनन, आता आयकू येते, उठा. नको घेऊ."

"मले पाहिजेत, बाबा."

"तुले? मायासाठी घेऊन राहिला होता ना?"

मी मान खाली घातली. बाबा खूश झाले. "मंग असं कर. तू डबे घे. मी बहिराच राहतो. दोघंही चूप."

मी मोठे डबे घेतले. आईशी दगा केला या विचारानं घरी येईपर्यंत मला स्कूटर जड लागत होती, अर्थात डबेही त्याच स्कूटरवर होते.

रविवारी सकाळी आईनं बाबांची खुर्ची व्हरांड्यातून उचलून नेमकी स्पीकरसमोर ठेवली. त्यांना बसवलं. टीव्ही लावून आवाजाचं बटण आपल्याच हातात ठेवलं.

"आयकू येते काय जी?"

बाबांनी मान हलवली. नाही.

तिनं आवाज वाढवला. "आता?"

नाही. भिंतीवरचं कॅलेंडर हलू लागलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. ते माझ्याकडे पाहत होते. मी एक शब्द बोललो असतो तर ते सुटले असते, पण त्यांचे रविवारही सुटले असते. मी डब्यांवरची धूळ पुसत राहिलो. धूळ नव्हती.

आईनं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"बंद कर वं!" बाबा दोन्ही कानांवर हात ठेवून उठले. "पडदे फाटतीन ना माये!"

तिनं आवाज बंद केला. मग, जराही न ओरडता, ती म्हणाली, "पिशवी दाराच्या मागं आहे."

बाबांनी निमूटपणे पिशवी घेतली.

"आन तू बी जाय यायच्या संगं," ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली. "बाबाच्या कानाची लय काळजी ना तुले!"

फाटकापाशी पोचलो तर आत पुन्हा टीव्ही लागला होता. आई बाबांच्या खुर्चीत बसली असणार. आवाज अगदी बेताचा होता. बाबा थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि क्षणभर ऐकत राहिले.

"चांगले निघाले," ते म्हणाले. "आवाज साफ आहे."