खिडकीतले तीन गुडघे

पूर्वेच्या खिडकीत दोरी बांधून तिच्यावर मी माझ्या डाव्या गुडघ्याचे तीन एक्स-रे कपड्यांच्या चिमट्यांनी लावले होते. कोपऱ्यात वर्ष लिहून, डावीकडून उजवीकडे, ओळीने. सकाळचं ऊन त्यांतून गाळून यायचं आणि चादरीवर निळसर उजेड सांडायचा. अर्धवट झोपेत पाहिलं की ते माझे गुडघे वाटतच नसत. धुक्यात एकमेकांवर झुकलेले दोन डोंगर वाटत आणि मध्ये काळी खिंड.

ती खिंड दर वर्षी अरुंद होत होती, हे मला दिसत होतं. पण माझा जीव जडला होता तिच्या खालच्या पांढऱ्या रेघेवर. पहिल्या एक्स-रेत ती पेन्सिलीने ओढल्यासारखी होती, दुसऱ्यात जाड झाली, तिसऱ्यात कुणी खडूने गिरवल्यासारखी. रिपोर्टमधला इंग्रजी शब्द मी शब्दकोशात पाहिला, तर अर्थ निघाला ‘कठीण होणे’. हाड कठीण झालं म्हणजे भक्कम झालं, असं मी धरून चालले. गोळ्या लागू पडल्या, असं तुमच्या आजोबांना सांगूनही टाकलं.

मला बरं व्हायचंच होतं. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. ती गच्चीवर मिळते आणि गच्चीला चौदा पायऱ्या आहेत. रविवारी तुमचे चेहरे दिसतात ते तिथेच. त्या पांढऱ्या रेघेच्या भरवशावर मी सरावासाठी रोज दोनदा चढू लागले. पंधरा दिवसांत गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

आजोबा म्हणाले, “गच्ची सोड आता. मी वर जाऊन बोलतो आणि खाली येऊन तुला सांगतो.”

“तुम्ही निम्मं जिन्यातच विसरता,” मी म्हणाले.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की सांध्यात हाडाच्या टोकावर कूर्चेची गुळगुळीत गादी असते आणि तिच्या खालचं हाड किंचित दबून धक्का पिऊन टाकतं. आजार सुरू झाला की ते हाड आतून घाईघाईने मोडतं आणि पुन्हा बांधलं जातं. आधी विरळ होतं, मग जाड. जाड झालेलं हाड दबत नाही, त्यामुळे वरच्या गादीचे आणखी हाल होतात. पुढे त्यात बारीक पोकळ्या पडतात, कडेला हाडाचे कोंब फुटतात. गादीला नसा नसतात, हाडाला असतात. म्हणून दुखण्यात हाडाचा वाटा मोठा. आधी गादी बिघडते की हाड, यावर मात्र अजून एकमत नाही म्हणाल्या.

घरी आल्यावर शेजारीण चौकशीला आली. तिचा जन्म पारनेरच्या माळावर शेती करण्यात गेलेला. ती खिडकीपाशी गेली आणि तिसऱ्या एक्स-रेतल्या पांढऱ्या रेघेवर तिने बोट ठेवलं.

“बाई, ही तर आमची वरची पट्टी. माती वाहून गेली, मुरूम उघडा पडला. कडक लई हाय, पर पानी धरीत न्हाई.”

अशा रानाचं तुम्ही काय करता, मी विचारलं.

“बांध घालायचा. ऱ्हायली ती माती राखायची. सोडून थोडंच देतंय कुणी?”

डॉक्टरीणबाईंनी दिलेला मांडीचा व्यायाम मी त्या दिवसापासून बांध समजून करते. आजोबांनी जिन्याला लोखंडी पाईपचा कठडा बसवून घेतला. एक्स-रे मी पाकिटात घालून कपाटात ठेवले. खिडकीतून आता नुसतं ऊन येतं.

आता फक्त रविवारी चढते. चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा. सातव्या पायरीवर थांबते. तिथून चिंचेचा शेंडा दिसतो, वारा असला की सगळा हिरवा पाण्यासारखा हलतो, आणि वर पोचायचं आहे हेही क्षणभर विसरायला होतं.

तेव्हा पहिल्यांदा फोन लागला नाही तर आजी झोपली असं समजू नका. थोडं थांबून पुन्हा लावा. मी सातव्या पायरीवर असेन.