थोरलीच्या गळ्यातला हार

गोजराबाईंनी रघुजींना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. बसवनगुडीतल्या माहेरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. गोजराबाई केसरीभाताच्या बशा घेऊन पुढच्या खोलीत आल्या, तर मुलगा जागेवर नाही. तो मधल्या दाराने स्वयंपाकघरात शिरला होता आणि उकिडवा बसून स्टोव्हच्या तोंडात पिन घालत होता. "आवाज बरोबर येत नव्हता," एवढंच तो म्हणाला. स्टोव्ह असा पेटला की गोजराबाईंच्या आईने चहाला उकळी येण्याआधी होकार देऊन टाकला. मुलीचं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पाठ तरी बरी आहे.

पुढे संसारात त्या पाठीचा बराच सहवास घडला. रघुजी कायम कशात तरी डोकं खुपसलेले असत. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर बेंगळुरात आलेलं. आमचे पूर्वज घोड्यांना नाल ठोकत, असं रघुजी अभिमानाने सांगत. गोजराबाईंचं म्हणणं वेगळं होतं. यांच्याच पूर्वजाने ठोकलेल्या नालामुळे घोडा इथे लंगडा झाला असणार, नाहीतर माणसं परत गेली असती.

ज्या शहरापासून समुद्र दिवसभराच्या वाटेवर आहे, त्या शहरात रघुजींनी बोटी दुरुस्त करायचा धंदा काढला. राजाजीनगरच्या कारखान्यांच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. एका बाजूला पावडर कोटिंग, दुसऱ्या बाजूला इडलीची भांडी, आणि मधे ट्रेलरवर चढवलेली बोट. रिक्षावाले वेग कमी करून विचारत, "अण्णा, पूर येणार आहे काय?"

बोटी येत त्या पद्मनाभ यांच्या. ते राहायला इंदिरानगरला, आणि शहराबाहेरच्या एका मोठ्या तलावावर त्यांचा बोट क्लब. त्यांच्याकडे दोन मोठ्या बोटी होत्या. जुनीला रघुजी थोरली म्हणत आणि नवीला धाकटी. थोरली स्टर्नड्राइव्हची. म्हणजे इंजिन मोटारीसारखं बोटीच्या पोटात, आणि पंखा फिरवणारा पाय मागच्या भिंतीतून पाण्यात सोडलेला. धाकटीला आउटबोर्ड होतं, म्हणजे इंजिन, पाय, पंखा, सगळा संसार मागे बाहेर टांगलेला.

कुणी फरक विचारला की रघुजी खुलत.

"हे बघा, आउटबोर्ड म्हणजे भाडेकरू. नको झाला की बोल्ट काढा, उचलून बाहेर ठेवा. सरळ दांड्याचं जुनं इनबोर्ड, ज्याचं इंजिन कायमचं आत, ते म्हणजे सासरेबुवा. एकदा बसले की हलत नाहीत, पण कुरकुरतही नाहीत. फक्त उथळ पाण्यात न्यायचे नाहीत. आणि स्टर्नड्राइव्ह म्हणजे घरजावई. बूड आपल्या घरात, पाय बाहेर, आणि मानपान वेळच्या वेळी."

मानपान खरंच पुष्कळ होता. पाय जिथे भिंतीतून बाहेर पडतो तिथे एक रबरी भाता असतो. तो ठराविक वर्षांनी बदलायचा. फाटला तर बोट बुडते. आतल्या बेअरिंगला वंगण द्यायचं, पायातलं तेल बघायचं, तेही वेळेवर. रघुजी हे सगळं न चुकता करत. लग्नाचा वाढदिवस मात्र त्यांना कधी आठवला नाही. गोजराबाईंनी एकदा सुचवलंही होतं, "मला पण एक भाता बसवून घेते. निदान तारखेला तरी बघाल."

शेडमधले त्यांचे जोडीदार महांतेश निपाणीकडचे, वयाने बरेच लहान आणि आउटबोर्डचे कट्टर भक्त. दोघांचं रोज वाजे.

"रघुअण्णा, अर्धं आयुष्य या भात्याखाली लोळण्यात गेलं तुमचं. माझ्या धाकटीचं इंजिन दोन माणसांत टेबलावर येतं बघा."

"येणारच. तिला धरून ठेवणारं आहे कोण?"

मग पद्मनाभांनीच विषय संपवायचं ठरवलं. थोरली म्हातारी झाली होती. दसरा झाला की दोन्ही बोटी तलावावर शेजारी शेजारी चालवून बघू, ते म्हणाले. थोरली नीट वागली तर ती राहील आणि तिच्याबरोबर रघुजीही. नाहीतर ती भंगारात, सगळीकडे आउटबोर्ड, आणि देखभालीला कंपनीचा माणूस.

रघुजींनी हे घरी शांतपणे सांगितलं. हादरल्या त्या गोजराबाई. कारण रघुजी घरी बसले म्हणजे काय होतं, हे त्यांनी एका उन्हाळ्यात पाहिलं होतं. शेडचे पत्रे बदलत होते, म्हणून ते महिनाभर घरी होते. त्यांनी मिक्सर उघडला. मग फ्रिज. मग शेजारच्या श्यामलाबाईंचं कपडे धुण्याचं मशीन, तेही त्या देवळात गेलेल्या असताना. सगळी यंत्रं पूर्वीपेक्षा चांगली चालू लागली. फक्त ती कशी चालू करायची हे रघुजींखेरीज कुणाला समजेना. एक महिना एवढा. उरलेल्या आयुष्यात किती यंत्रं उघडली जातील, हे गोजराबाई बोटांवर मोजू लागल्या.

त्या दिवसापासून घरात थोरलीसाठी सर्वात जास्त प्रार्थना कोणी केली असेल तर गोजराबाईंनी.

रघुजींनी नवा भाता बसवला, बेअरिंगला वंगण दिलं, पायातलं तेल बदललं. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, बोटी शेडच्या दारात सजून उभ्या राहिल्या. चाकांखाली लिंबं ठेवली, कुंकू लावलेला कोहळा फुटला, आणि पाने-पक्कड पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. गांधी बाजारातून गोजराबाईंनी शेवंतीचे हार मुद्दाम आणले होते. एक थोरलीला. आणि एकीलाच घातला तर दुसरी रुसेल, म्हणून एक धाकटीला.

हार पंख्याच्या पात्यांवर टिकेना, सारखा घसरायचा. तेव्हा गोजराबाईंनी पंख्यामागे बोट घालून पाहिलं. तिथे पायाच्या आणि पंख्याच्या मधे एक बारीक खाच होती, अगदी गळ्यासारखी. त्यांनी हार त्या गळ्यात बांधला, दोन गाठी मारून, देवाचं नाव घेत. लग्नात रघुजींच्या गळ्यात हार घालताना त्यांनी एवढा जीव ओतला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी हार ओढले. फुलं हातात आली, उरलेलं काय कुठे गेलं ते पाहायला वेळ नव्हता. रघुजींना एकदा पंखा काढून शेवटची नजर टाकायची होती. त्यांनी पान्याकडे हात नेला तोच गोजराबाईंनी चापट मारली.

"पूजेला बसवलेत ना ते! उत्तरपूजेआधी हत्याराला हात लावायचा नाही. एवढं वय झालं, कळत नाही?"

उत्तरपूजा झाली तोवर बोटी न्यायला गाडी दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई चित्रान्नाचा मोठा डबा घेऊन तलावावर हजर. "तू कशाला?" रघुजींनी विचारलं. "सुम्मने," त्या म्हणाल्या. उगीच. उगीच आलेल्या बाईच्या ओठांवर सारखा जप चालू होता.

थोरली सुटली. वळली, पळाली, पुन्हा वळली. महांतेश धाकटी घेऊन तिच्या बाजूला. पद्मनाभ थोरलीत बसून भात्याकडे टक लावून बघत होते. तिथे थेंबभर पाणी आलं नाही. काठावर परतल्यावर ते कन्नडात म्हणाले, "परवागिल्ला, चालेल की, म्हातारी चांगली आहे." गोजराबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. मिक्सर वाचला होता.

पण रघुजी ते रघुजीच. बोट ट्रेलरवर चढली तशी त्यांनी सवयीने पायाचा खालचा स्क्रू सैल केला आणि तेलाचा थेंब बोटावर घेतला. थेंब पांढरा होता, नारळाच्या दुधासारखा. तेलात पाणी शिरलं होतं. दुसरा कोणी असता तर बोट पँटला पुसून गप्प बसला असता. रघुजींनी ते पद्मनाभांच्या नाकासमोर धरलं.

"अय्यो," पद्मनाभ म्हणाले. "मग झालंच की. असंच पळवलं तर आतले गिअर जातील. सरी, ठीक आहे, मी ठरवलं."

"मी कधीपासून सांगतोय," महांतेश म्हणाले. "माझ्या धाकटीला असले लाड लागत नाहीत."

रघुजी पुन्हा खाली वाकले. त्यांनी पंखा काढला. मागे दांड्याला काहीतरी करकचून गुंडाळलेलं होतं. त्यांनी चिमट्याने ते उलगडलं. पांढरा नायलॉनचा दोरा निघाला, दोन गाठींसकट, आणि गाठीत अडकलेली शेवंतीची एक पिवळी पाकळी. पाण्याला तेलात शिरू न देणारं आतलं रबरी सील दोऱ्याने कापलं होतं.

गोजराबाईंनी गाठ ओळखली. हार पूर्वी केळीच्या सोपटात ओवत. सोपट कुजून गेलं असतं. हल्ली नायलॉन. त्यांच्या डोळ्यांपुढून मिक्सर गेला, फ्रिज गेला, श्यामलाबाईंचं मशीन गेलं. गप्प बसलं तर दोष बोटीचा. बोललं तर जन्मभर महांतेशाकडून थट्टा. मग त्यांना दुसरा हार आठवला.

"महांतेशा," त्या म्हणाल्या, "तुझ्या धाकटीचाही स्क्रू उघड."

"कशाला अक्का? तिला काय झालंय?"

"उघड म्हणते ना."

महांतेशांनी स्क्रू उघडला. थेंब पांढरा. पंखा काढला. दोरा, गाठी आणि दोन पाकळ्या.

"दोघींनाही मीच बांधला," गोजराबाई म्हणाल्या. "देवाला कमी पडू नये म्हणून घट्ट."

मग पद्मनाभ हसू लागले ते ट्रेलर धरूनच. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसत विचारलं, "म्हणजे पाण्यातला भाग दोघींचा सारखाच? मग आउटबोर्ड घेऊन माझा फायदा काय?"

रघुजींनी 'काही नाही' एवढंच म्हणायचं बाकी होतं. गोजराबाईंनी नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"फायदा आहे, सर," रघुजी म्हणाले. "सील दोघींचं सारखंच. पण धाकटीला भात्याची भानगड नाही. इंजिन बिघडलं तर उचलून नेता येतं. थोरलीचं काढायचं तर आधी बोट रिकामी करावी लागते. भाता फाटला आणि लक्ष नसलं तर ही बुडेल, ती नाही बुडणार."

चित्रान्नाचा घास या माणसाच्या तोंडात वेळेवर कोंबायला हवा होता, असं गोजराबाईंना वाटलं.

"आणि लक्ष असलं तर?" पद्मनाभांनी विचारलं.

"तर ही अजून पुष्कळ वर्षं चालेल. लक्ष ठेवायला माणूस पाहिजे."

पद्मनाभांनी ट्रेलरवरच्या थोरलीच्या पाठीवर थाप मारली. नवी बोट घेईन ती आउटबोर्डचीच, ते म्हणाले. थोरलीही राहील. आणि कंपनीचा माणूस नको. स्वतःच्या बोटीचा पांढरा थेंब आपणहून दाखवणारा माणूस कंपनीत मिळायचा नाही. सगळ्या बोटी रघुजींच्या शेडमध्येच येतील. "एकच अट," ते गोजराबाईंकडे वळून हात जोडत म्हणाले, "अम्मा, पुढच्या आयुधपूजेला हार फक्त पुढून."

महांतेश अजूनही गल्लीत नवीन माणूस भेटला की हाराची गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक वेळी गाठी एकाने वाढवतात. त्यांच्या धाकटीच्या पायातही दोरा निघाला होता, हा भाग बहुधा राहून जातो.

रघुजी आता सत्तरी ओलांडलेले आहेत. रोज सकाळी डबा घेऊन राजाजीनगरच्या शेडवर जातात. सोमवारी शेड बंद असते, तेव्हा घरी असतात, आणि त्या दिवशी श्यामलाबाई देवळात जात नाहीत.