तुळशीची पाने

रविवार, ११ सप्टेंबर १९३८, सकाळी सात. धुळ्याच्या दवाखान्यात मी आजारी भावाजवळ बसलो होतो. शेजारच्या खाटेवर साक्रीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याची पत्नी हिवतापाने बेशुद्ध होती. तिचे हात डासांच्या चाव्यांनी भरले होते. तो तळहातावर तुळशीची पाने चुरडून प्रत्येक चट्ट्यावर रस चोळीत होता.

“आबा, त्यांना आता खाज कळत नाही.”

“तिले कळत नही, माले ते कळस ना, भाऊ.”

दुपारी तिचा हात हलला आणि दंड खाजवू लागला. वृद्धाने तिला अडवले नाही.

“दखा, खाजाडी राह्यनी! आते पाने लागतीन.”

त्याच्याजवळची पाने संपली होती. रविवारी तुळस खुडू नये, असा आमच्या घरचा नियम. मी दवाखान्याच्या अंगणातल्या तुळशीची मूठभर पाने खुडली, धुतली आणि त्याच्या हाती दिली.