नंबर मिळाला, आभाळ नाही

मुलुंड पूर्वेच्या अनंत कारखानीसांचा उभा जन्म पुलांचे नकाशे काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडातल्या पैशांतून ड्रोन घेतला. "आता पूल वरून बघणार," म्हणाले. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता बायको जयंतीबाईंनी विचारलं, "अहो, याच्यातून माझी रांगोळी दिसेल का, अख्खी?"

प्रश्न साधा नव्हता. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी चौकात घातली जाणारी भली मोठी रांगोळी म्हणजे जयंतीबाईंचं राज्य. हाताखाली आठ-दहा बायका, मध्ये पदर खोचून त्या. पण रांगोळी संपते न संपते तोच ढोलताशे यायचे आणि तिचा चेंदामेंदा व्हायचा. इतक्या वर्षांत बाईंनी आपली रांगोळी एका नजरेत कधी पाहिली नव्हती. यंदा तर पाडव्यानंतर गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. पुन्हा जमिनीवर बसता येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"दिसेल म्हणजे काय! पाडव्याला वरून फोटो काढतो," अनंतरावांनी छातीठोक सांगितलं.

मग त्यांनी सरकारी संकेतस्थळावर ड्रोनची नोंदणी केली. ओटीपी तीनदा आला, दोनदा चुकला, पण नंबर मिळाला. तो त्यांनी आपल्या नकाशावाल्या सुबक अक्षरात ड्रोनवर चिकटवला आणि सोसायटीत पेढे वाटले. स्कूटरला नंबर मिळाला की ती कुठेही हिंडते, तसंच हे, असं त्यांनी धरून टाकलं. नियमांचं पुढचं पान उघडायची तसदी घेतली नाही.

पाडव्याचं नुसतं कानावर घालावं म्हणून ते चौकीत गेले. तिथे नंदकिशोर नावाचे हवालदार होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि मग सगळं ऐकून घेतलं.

"काका, ड्रोन कोणाचा ते नंबरावरून कळतं. कुठं उडवायचा ते नकाशात बघायचं असतं ना!" त्यांनी फोनवर नकाशा उघडून दाखवला. मुंबईच्या अंगावर लाल-पिवळे डागच डाग. "एक तर विमानतळ, त्यात शहरात आमचा मनाई हुकूम. उडवलात तर मलाच तुम्हाला आणायला यावं लागेल. वर चहापण मीच पाजायचा!"

अनंतराव घरी आले ते चेहरा पाडून. बायकोला सांगताना त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. जयंतीबाई "असू दे हो" म्हणाल्या आणि गुडघ्याला तेल चोळत बसल्या. ते "असू दे" अनंतरावांना फार लागलं.

त्या दिवशी त्यांनी नियम पहिल्या ओळीपासून वाचले. छंदापुरता लहान ड्रोन उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. नकाशावरच्या हिरव्या भागात ठरल्या उंचीपर्यंत वेगळी परवानगीही लागत नाही. त्यांनी बोटाने नकाशा सरकवत सरकवत थेट मुरबाडच्या पुढे नेला. तिथे हिरवंगार.

"तिकडे आमच्या मधुवंतीचं माहेर आहे," जयंतीबाई मागून म्हणाल्या. मधुवंती म्हणजे त्यांचा रांगोळीतला उजवा हात. "ड्रोन इकडे येत नाही ना? मग रांगोळीच नेऊ या की तिकडे!"

पाडव्याच्या आधीच्या रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर भरून बायका, रंगांच्या पिशव्या आणि चाळण्या मुरबाडकडे निघाल्या. मधुवंतीच्या भावाने शेतातली भली मोठी जागा चोपून सारवून ठेवली होती. दुपारपर्यंत रांगोळी झाली. मध्यभागी जयंतीबाईंनी नाजूक कमळ काढलं आणि ड्रोनला मानाची जागा म्हणून त्यावर पाट मांडला. ड्रोनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनंतरावांनीही हौसेने तिथूनच ड्रोन उडवला.

पात्यांचा वारा सुटला आणि कमळाची वाट लागली. गुलाबी, पिवळा, हिरवा, सगळे रंग एकमेकांत भुर्रकन उडाले. मधुवंती "अगं बाई!" म्हणून ओरडली. एवढं नियम वाचून, एवढं लांब येऊन आपणच घात केला, असं अनंतरावांना झालं. ते ड्रोन खाली आणू लागले.

"उतरवू नका! अजून वर न्या!" जयंतीबाई ओरडल्या. चाळणी घेऊन, पाकळ्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यांवर पाय टाकत त्या मध्यावर गेल्या, पाट बाजूला सारला, कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसल्या आणि कमळ पुन्हा भरायला घेतलं. अनंतरावांनी ड्रोन उंच नेला आणि पडद्यावर पाहिलं. वेलबुट्ट्यांची वर्तुळं, त्यात मोर, त्यात पाकळ्या, आणि अगदी मधोमध हिरव्या नऊवारीतली त्यांची बायको, मुठीतून रंग सोडत. त्यांनी तेवढा एकच फोटो काढला. मग ड्रोन लांब बांधावर उतरवला.

जयंतीबाई लंगडत आल्या. फोनचा पडदा हाताने झाकून उन्हात नीट न्याहाळत राहिल्या. बायका भोवती जमल्या.

"मी कशाला आले मध्ये? कमळ झाल्यावर काढायचा होता," त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून परत बघायला लागल्या.

"अहो, एवढं मोठं काढत होते मी?"