निळ्या रंगाखालचं गाव

दोन हजार चारच्या सुमारास मी जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडी करत होते. तिथल्या ग्रंथालयात नकाशांचा विभाग सांभाळणारे एक गृहस्थ होते, मूळचे सुरीनामचे. नवीन माणूस दिसला की ॲटलास पुढे सरकवून म्हणायचे, "माझा देश शोधा." बहुतेक जण आफ्रिकेत शोधत. मीही तिथेच शोधला. मग ते दक्षिण अमेरिकेच्या वरच्या कडेला हलकेच बोट टेकवायचे. मळ्यांवरून पळालेल्या गुलामांनी तिथल्या जंगलात गावं वसवली, त्यांचे हे वंशज. नद्यांची नावं ते नात्यातल्या माणसांची घ्यावीत तशी घेत.

एका दुपारी ते नव्या ॲटलासमधल्या एका तळ्याच्या निळ्या रंगात पेन्सिलीने ठिपका काढत होते. मला पाहून ओशाळले.

"आमचं गाव," ते म्हणाले. "मी दहा वर्षांचा असताना धरण झालं, पाणी चढलं. झाडांवर अडकलेली माकडं, स्लॉथ वाचवायला लोक होड्या घेऊन आले होते. ते प्राणी त्यांनी पुन्हा जंगलात सोडले. आम्हाला मात्र लांबच्या वसाहतीत नेलं."

"परत गेलात कधी?"

"हो, एकदाच. भावाने तळ्याच्या मध्यावर होडी थांबवली आणि म्हणाला, हे आपलं अंगण."

"काही दिसलं?"

त्यांनी मान हलवली. "काहीच नाही. मग मी वाकून कोपरापर्यंत हात खाली घातला. पाणी कोमट होतं."