शेंड्यावर लिहिलेलं मावळ

माझी पहिली बेस गिटार भंगारातली. वडील मळवलीत एका बंगल्याची राखण करतात. मालकांनी टाकायला दिलेली ती वस्तू त्यांनी घरी आणली. दांडी पिळवटलेली, तारा गंजलेल्या, आतल्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. कारखान्यात मी वायरिंगच करतो. महिनाभरात तिला बोलतं केलं. बेसचा आवाज कानापेक्षा पोटाला आधी कळतो. वस्तीच्या विहारात गाण्यांच्या कार्यक्रमाला ती वाजली तेव्हा पुढं बसलेल्या एका मावशीनं छातीवर हात ठेवला. "आरं, ह्ये तर आतून वाजतंय!"

त्या दिवसापासून मला दुसऱ्याची दुरुस्त करून समाधान होईना. अख्खी गिटार माझ्या हातची हवी होती आणि ती इथली आहे हे तिच्यावर लिहिलेलं हवं होतं. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील सभेहून आणायचे ती पिवळी-गुलाबी पत्रकं वाचतच मी अक्षर शिकलो, त्यामुळे मला मिसरूड नंतर फुटलं, मतं आधी.

अंगाला शिवणीचं लाकूड घेतलं, दांडीला सागवान. भर वैशाखात कापलं, रंधलं, घासून काचेसारखं केलं. आषाढात दांडी वाकली. तारा दांडीपासून इतक्या वर गेल्या की दाबताना बोटं सोलून निघाली. कार्ल्याच्या म्हाताऱ्या सुतारांकडे घेऊन गेलो. त्यांनी एक डोळा मिटून दांडी पाहिली आणि हसले.

"लाकडाला हितला पाऊस दावला व्हतास का?"

"नाही आबा. वाळलेलं होतं."

"वाळल्यालं म्हंजी काय, शानं झालं व्हय? आधी जाडजूड काप आन ठिव पडवीत. वाकायचं त्ये वाकू दे. पावसाळा खाल्ला की मग रंधा मार."

"बाजारातल्या गिटारीही वाकतात, आबा."

"त्यांची कंपनी बगंल. तुजी वाकली, त्ये बोल."

वाकलेली काढून टाकली. नवी दांडी जाड कापून पावसाळाभर पडवीत ठेवली, हिवाळाभर पाणी तापवायच्या चुलीवरच्या माळ्यावर. मग रंधली. ती आजवर वाकलेली नाही. शेंड्यावर, जिथं कंपन्यांची नावं असतात तिथं, मी वायरी जोडायच्या तापल्या सोल्डरिंग आयर्ननं अक्षरं जाळली : मावळ.

पुढच्या श्रावणात लोणावळ्यातल्या एका बँडवाल्याची गिटार ओलीनं बिघडली. भुशीच्या रस्त्यावर एका रिसॉर्टमध्ये त्याचा रविवारी दुपारचा कार्यक्रम होता. त्यानं माझी मागितली. मी स्वतः पोचवली आणि ऐकायला थांबलो. माझी वस्तू पहिल्यांदाच परक्या लोकांसमोर वाजणार होती. मंचाजवळ गेलो तर शेंड्यावर काळी चिकटपट्टी.

"हे काय?"

"अरे मित्रा, मनावर घेऊ नको. पाहुणे पुण्या-मुंबईचे. मावळ वाचून हसतील. आपण काय मावळचा तांदूळ विकतोय?"

"आवाज चालतो, गाव चालत नाही?"

"झालं सुरू भाषण! दहा मिनिटांत स्टेजवर जायचंय मला."

"मग पट्टी काढा. नाहीतर मी गिटार घेऊन जातो."

तो जवळ आला, आवाज खाली आणला. "इथे दर आठवड्याला कार्यक्रम असतात. चार जणांना तुझं नाव सांगीन. एका पट्टीसाठी कशाला घालवतोस?"

खोटं कशाला लिहू, मला ती कामं हवी होती. पण माझं नाव चौघांना कानात सांगणार आणि गावाचं चारशेंसमोर झाकणार, हा कसला न्याय? मी हात पुढं केला आणि सगळ्यात जाड तार सैल सोडली. ती लोंबली तेव्हा त्याला माझं बोलणं खरं वाटलं.

"तुम्हा लोकांचं असंच असतं," म्हणत त्यानं नखानं पट्टी ओरबाडली.

कुठल्या लोकांचं, ते मी विचारलं नाही. स्वतःच्या हातानं बनवणाऱ्या लोकांचं, असं धरलं. तार पुन्हा सुरात लावून गिटार त्याच्या गळ्यात दिली. पुढं त्यानं मला एकही काम दिलं नाही, हेही लिहून ठेवतो.

पण वाजवली त्यानं झकास. पहिल्याच गाण्याला टेबलांवरचे ग्लास थरथरले. कुणी हसलं नाही. ताटं घेऊन आलेल्या स्वयंपाकघरातल्या दोन बाया मंचासमोर थांबल्या.

"आगं, मावळ लिवलंय त्याच्यावर."

"आपलं मावळ?"

"मग दुसरं कुटं हाय?"

"मी बनवलीय, मावशी," मी म्हणालो. माझाच आवाज मला मोठा वाटला.

वाचणारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "व्हय? मग त्याला जरा मोठ्यानं वाजवाया सांग की. आत भांड्यांच्या आवाजात काय ऐकू येत न्हाई."

मी साउंडवाल्याकडे गेलो आणि त्याला न विचारता बेसचं बटण वर सरकवलं.